तोंडी ‘नाही’वर घरी जाऊ नका : गाडीचा विमा, अपघात आणि आपले हक्क



इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, ग्वाल्हेर, दिल्ली... जिथे कुठे बसून तुम्ही हे ऐकत असाल, तिथे माझा नमस्कार पोहोचो. मी तीस वर्षं फौजेत होतो. बदल्यांच्या निमित्ताने आठ-नऊ राज्यांतल्या रस्त्यांवर गाडी चालवली. निवृत्त झाल्यावर माजी सैनिकांना पेन्शनच्या कागदपत्रांत मदत करायला बसू लागलो. हळूहळू त्या टेबलावर दुसरेही कागद यायला लागले. गाडीचा विमा, अपघाताचा क्लेम, कोर्टाची नोटीस.

यामागे एक कारण आहे. कलम १४६ मध्येच सरकारी गाड्यांना विम्यातून सूट दिलेली आहे, आणि फौजेची गाडी ही सरकारी गाडी. त्यामुळे फौजेचा ड्रायव्हर वीस वर्षं ट्रक चालवतो, कार डायरी भरतो, पण विम्याच्या पॉलिसीशी त्याचा संबंध येत नाही. तो निवृत्त होतो, स्वतःची गाडी घेतो, आणि पॉलिसी न वाचता कपाटात ठेवतो. बाकीचे लोकही फारसं वेगळं करतात असं मला दिसलेलं नाही.

मी वकील नाही आणि विमा एजंटही नाही. कायद्यात आणि पॉलिसीत जे छापलेलं आहे, तेवढंच सांगणार आहे. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच प्रकरणांत कंपनीने क्लेम नाकारलेलाच नव्हता. शाखेत, गॅरेजमध्ये किंवा फोनवर कुणीतरी ‘मिळणार नाही’ म्हणालं होतं, आणि माणूस घरी निघून गेला होता. तोंडी ‘नाही’विरुद्ध कुठेच दाद मागता येत नाही. लेखी ‘नाही’ हातात असेल तर मागता येते.

आधी कायदा काय मागतो ते बघू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याचं कलम १४६ सांगतं, की सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायची तर तिचा थर्ड पार्टी विमा असलाच पाहिजे. पहिली पार्टी तुम्ही, दुसरी विमा कंपनी, आणि तिसरा तो माणूस, ज्याला तुमच्या गाडीमुळे इजा झाली. विमा नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. पण दंडाचं सोडा. विमा नसलेल्या गाडीखाली कुणी दगावलं, तर ट्रिब्युनल जी भरपाई ठरवेल ती मालकाला खिशातून द्यावी लागते. घरातला कमावता माणूस गेलेला असेल तर ती रक्कम लाखांत जाते. त्यात घर विकायची वेळ येऊ शकते.

थर्ड पार्टी विम्यात तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ हा वेगळा भाग असतो. दोन्ही मिळून जी पॉलिसी होते, तिला आपण बोलताना ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो. इथे एक गोंधळ होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. शोरूममध्ये सांगतात, ‘सर, तीन वर्षांचा इन्शुरन्स आहे.’ पण ओन डॅमेज बहुधा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी गाडी ठोकली गेली की मग कळतं. म्हणून पॉलिसीवर दोन तारखा शोधा. थर्ड पार्टी कधी संपते आणि ओन डॅमेज कधी संपतं.

आणखी एक. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर तुमच्याच गाडीत बसलेल्या पाहुण्याला किंवा स्कूटरवर मागे बसलेल्याला तिचं संरक्षण मिळेलच असं नाही. मागे बसलेल्या माणसाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिलेला आहे. चार पैसे वाचवण्यासाठी नुसती थर्ड पार्टी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्यासाठीचं कव्हर पॉलिसीत आहे का, तेही बघा. त्याचा हप्ता अगदी थोडा असतो.

आता पॉलिसीतली एक ओळ, जी कुणी वाचत नाही. ‘पी.ए. कव्हर फॉर ओनर-ड्रायव्हर’. म्हणजे गाडीचा मालक स्वतः गाडी चालवत असताना अपघातात गेला किंवा कायमचा अपंग झाला, तर मिळणारी रक्कम. आज ती १५ लाख रुपये आहे. मृत्यू झाल्यास पूर्ण. दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेले तरी पूर्ण. एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर निम्मी.

आमच्या युनिटमधले एक सुभेदार निवृत्तीनंतर मध्य प्रदेशातल्या एका तालुक्याच्या गावी स्थायिक झाले होते. रात्री एकटेच गाडी चालवत येताना गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. समोर दुसरी गाडी नव्हती. त्यांच्या पत्नी विमा कंपनीच्या शाखेत गेल्या. तिथे सांगितलं गेलं, ‘चूक त्यांचीच होती, दुसरी गाडीच नाही, थर्ड पार्टीत काही मिळणार नाही.’ त्या परत आल्या. चार महिन्यांनी पेन्शनच्या कामासाठी माझ्याकडे आल्या, तेव्हा मी सहज विचारलं, ‘वहिनी, गाडीच्या पॉलिसीचा कागद आहे का?’ म्हणाल्या, ‘आहे साहेब, पण त्यात काही मिळत नाही म्हणाले.’

कागद बघितला. दुसऱ्या पानावर ओनर-ड्रायव्हर पी.ए. कव्हर, १५,००,००० रुपये, हप्ता भरलेला. गाडी सुभेदारांच्या नावावर, पॉलिसी त्यांच्या नावावर, लायसन्स चालू, पोस्टमॉर्टेममध्ये दारूचा उल्लेख नाही. लेखी अर्ज दिला. सोबत क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, पोलिसांचे कागद, आर.सी., लायसन्स, नॉमिनीची कागदपत्रं. उशीर का झाला तेही अर्जात लिहिलं. वहिनींना पैसे मिळाले. त्यांच्या धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं.

शाखेतला माणूस खोटं बोलला होता असं मी म्हणणार नाही. त्याला थर्ड पार्टीबद्दल विचारलं, त्याने थर्ड पार्टीबद्दल उत्तर दिलं. आणि ते बरोबरही होतं. स्वतःच्याच चुकीने गेलेल्या चालकाच्या वारसांना थर्ड पार्टीतून भरपाई मिळत नाही. नेमक्या त्याच प्रसंगासाठी ही तिसरी ओळ पॉलिसीत आहे. पण तिचं नाव घेऊन मागणारं कुणी नव्हतं.

एक सावधगिरी. तुमच्याकडे आधीच १५ लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल, तर हे कव्हर पुन्हा घ्यावं लागत नाही. त्यामुळे हप्ता कमी दिसावा म्हणून कधी कधी ‘दुसरी पॉलिसी आहे’ या चौकटीत टिक केली जाते, मालकाला न विचारता. तुमच्या पॉलिसीत ही ओळ आहे का, आणि तिथे नॉमिनी कोण आहे, हे बघून घ्या.

आता अपघाताच्या जागी काय करायचं. जखमी माणूस आधी. कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा हॉस्पिटलमध्ये नेण्याची व्यवस्था करायची, पोलिसांना माहिती द्यायची आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. याच कलमात चालकाचा हक्कही आहे. जमाव खवळला असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर कायदा तुम्हाला तिथे मार खात उभं राहायला सांगत नाही. पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, काही झालं तरी २४ तासांच्या आत, जाऊन काय घडलं आणि का थांबता आलं नाही ते सांगायचं. ठाण्यात गेलेला चालक आणि पळून गेलेला चालक यांत हाच फरक आहे.

जखमीच्या उपचाराच्या पैशांची चिंता असते. मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीला दीड लाख रुपयांपर्यंत, नेमून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये. ११२ वर फोन करा. आणि तुम्ही अपघातात नसाल, फक्त मदतीला थांबला असाल, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ तुम्हाला संरक्षण देतं. साक्षीदार व्हायला किंवा नाव सांगायला तुमच्यावर जबरदस्ती करता येत नाही.

मग फोटो. दोन्ही गाड्यांच्या नंबर प्लेट, गाड्या रस्त्यावर कशा उभ्या आहेत, चाकांच्या खुणा, आजूबाजूची दुकानं. समोरच्याचं लायसन्स आणि पॉलिसी. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा चालू आहे का ते दिसतं.

आणि रस्त्यावरच्या मांडवलीपासून जपा. चार लोक जमतात, म्हणतात, ‘वीस हजार द्या, लिहून द्या, विषय संपवा.’ तुमच्या पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही चूक कबूल करायची नाही, पैशांचं वचन द्यायचं नाही. घाबरून लिहून दिलेली चिठ्ठी पुढे तुमच्याच क्लेमच्या आड येते. माणुसकीने मदत करा, औषध आणून द्या, पण कुठल्याही कागदावर सही करू नका.

आता तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम. कंपनीला लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. सर्व्हेअर बघेपर्यंत गाडी उघडू देऊ नका. नुकसान ५०,००० रुपयांच्या वर असेल तर लायसन्स असलेल्या सर्व्हेअरनेच पाहणी करायची असते. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने सात दिवसांत निर्णय कळवायचा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत तुम्ही मागू शकता. मागा. शिवाय क्लेमशी संबंध नसलेले कागद मागत राहून कंपनीला तुम्हाला ताटकळत ठेवता येत नाही.

पैसे कापले जातात ते कशाचे, हेही समजून घ्या, म्हणजे उगीच भांडण होत नाही. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर साधारण ५० टक्के घसारा कापतात, काचेवर नाही. ‘झिरो डेप’ घेतलं असेल तर ही कपात बहुतेक टळते. १५०० सीसीपर्यंतच्या कारला दर क्लेममागे १,००० रुपये आणि त्यावरच्या कारला २,००० रुपये आपल्याला भरावेच लागतात. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. शेवटी एक डिस्चार्ज व्हाउचर पुढे येतं. रक्कम कमी वाटत असेल तर कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. आणि अडचणीपोटी सही केली असली तरी जास्त रकमेसाठी दाद मागण्याचा हक्क तेवढ्याने संपत नाही, हे नियामकाने २०१५ मध्येच कंपन्यांना कळवलेलं आहे.

काही ‘नाही’ मात्र खरे असतात. दारू पिऊन चालवलेली गाडी, लायसन्स नसलेला चालक, संपलेली पॉलिसी, खाजगी नंबरच्या गाडीतून भाड्याने नेलेले प्रवासी. इथे आपली बाजू कमजोर असते. लायसन्स नसलेल्या भाच्याला गाडी दिली आणि त्याने कुणाला उडवलं, तर कोर्ट बऱ्याचदा कंपनीला सांगतं, ‘जखमीला पैसे द्या आणि मालकाकडून वसूल करा.’ ती वसुली तुमच्यावर येते.

पण काही ‘नाही’ टिकत नाहीत. पीयूसी नाही म्हणून क्लेम मिळणार नाही, असं सांगतात. नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे की तेवढ्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. गाडी चोरीला गेली, एफआयआर लगेच केला, पण कंपनीला कळवायला उशीर झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, की केवळ त्या उशिरावरून खरा क्लेम फेटाळता येत नाही. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालवाहू पिकअप चालवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने निर्णय दिला, की ७,५०० किलोपर्यंतच्या अशा वाहनासाठी वेगळी परवानगी लागत नाही. आपली अनेक मुलं पिकअप चालवून घर चालवतात. त्यांना हे सांगा.

गाडी विकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. बदली झाली की फौजी माणूस गाडी सहकाऱ्याला देतो आणि आर.सी. तशीच राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे, की आर.सी.वर ज्याचं नाव तोच मालक, जबाबदारी त्याची. तुम्ही गाडी विकून पाच वर्षं झाली असली तरी नोटीस तुमच्या दारात येईल. आणि घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा. नाहीतर थर्ड पार्टी चालू राहते, पण त्याच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान त्याला मिळत नाही.

आता जे आपल्या गावापासून दूर राहतात त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. बडोद्याचं कुटुंब, अपघात आंध्रात. लोकांना वाटतं केस तिथेच करावी लागणार. भाषा येत नाही, वकील ओळखीचा नाही, म्हणून सोडून देतात. कलम १६६ वाचा. जखमी किंवा वारस आपला दावा अपघाताच्या जागी, स्वतः राहतात किंवा धंदा करतात त्या ठिकाणी, किंवा समोरचा पक्ष राहतो त्या ठिकाणी, यांपैकी कुठल्याही ट्रिब्युनलमध्ये करू शकतात. ही निवड तुमची आहे. आता दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीबद्दल वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे, पण त्यावर विसंबू नका, मुदतीच्या आत अर्ज करा. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलला द्यायचा असतो. तो दुसऱ्या राज्यातला असला तरी त्याची प्रत मागा. गाडी न सापडलेल्या हिट अँड रनमध्येही मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात.

उलट बाजूने, तुम्ही चालक किंवा मालक असाल आणि ट्रिब्युनलची नोटीस आली, तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्याच दिवशी प्रत विमा कंपनीला पाठवा, पोच घ्या, आणि लायसन्स व पॉलिसी हजर करा. हे कागद तुम्ही दिले नाहीत, तर कंपनीला तुमच्यावर बोट दाखवणं सोपं जातं.

आणि शेवटी, स्वतःच्या क्लेमला ‘नाही’ ऐकलं तर काय. पहिलं, लेखी कारण मागा, पॉलिसीच्या कुठल्या अटीखाली ते विचारा. दुसरं, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार होते. तिसरं, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. मुंबई, पुणे, भोपाळ, अहमदाबाद, हैदराबाद, बेंगळुरू अशा शहरांत कार्यालयं आहेत. तुम्ही राहता तिथल्या लोकपालाकडे तक्रार करता येते. कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षं. इथे प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न येतो, ‘नकाराचं पत्र कुठे आहे?’

आज रात्री जेवण झाल्यावर पॉलिसी काढा. घरातल्या माणसाला शेजारी बसवा. दोन्ही तारखा, ओनर-ड्रायव्हरची ओळ आणि नॉमिनीचं नाव, एवढंच वाचा, आणि कागद कुठे ठेवता ते त्यांना दाखवा. पंधरा मिनिटांचं काम आहे. क्लेम करायची वेळ आली तेव्हा कदाचित तुम्ही हॉस्पिटलमध्ये असाल, आणि काउंटरवर ते उभे असतील.

जय हिंद.